नाडी आणि तार

चंद्रपुराहून गडचिरोलीकडे जाणाऱ्या सडकेवर साधारण निम्म्या वाटेंत मूल हें तालुक्याचें गांव लागतें. भोंवतीं भाताच्या बांध्या, मधून मधून मालगुजारांच्या काळचे तलाव, आणि त्यांच्या पलीकडे सागामोहाचें रान, असा हा मुलूख आहे. एका पावसाळ्यांत, ऐन रोवणीच्या दिवसांत, आम्ही या तालुक्यांत एका आप्तांकडे गेलों असतां शेजारच्या खेड्यांत एक लहानसा प्रसंग आमच्या पाहण्यांत आला. ज्यास पूर्वीं उपकेंद्र म्हणत व ज्यावर हल्लीं ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ अशी पाटी असते, त्या दोन खोल्यांच्या इमारतींत एक वृद्ध बाई बांकावर बसली होती. समोर टेबलावर संगणक; त्याच्या कांचेंत कोण्या दूरच्या डॉक्टरांचा चेहरा; आणि दोघांच्या मध्यें आरोग्यखात्याची एक तरुण मुलगी उभी. डॉक्टरांनीं विचारलें, “आजी, काय त्रास होतो?” बाई कांचेकडे न पाहतां त्या मुलीकडे पाहून म्हणाली, “रोवन्याले वाकलं का जीव घाबरते, माय.” डॉक्टरांस ‘रोवना’ समजेना. “भाताची लावणी करतांना धाप लागते, असें म्हणतात,” असा मुलीनें खुलासा केला. पायावर सूज आहे काय तें पाहा, असें मग डॉक्टरांनीं सांगितलें. मुलीनें खालीं बसून बाईच्या घोट्यावर आंगठा दाबून धरला व उचलला. तेथें पडलेली खळी तशीच राहिली. ती तिनें संगणक खालीं धरून डॉक्टरांस दाखविली. “यांना आजच मूलच्या रुग्णालयांत पाठवा,” एवढें वाक्य आलें आणि चित्र थिजलें; जाळ्याचा संबंध तुटला. बाहेर पडतांना बाईनें जो प्रश्न केला तोच या लेखाचें निमित्त होय. ती म्हणाली, “त्यानं तं हात बी नाही लावला, मंग रोग समजला कसा?”

हा प्रश्न अडाणीपणाचा म्हणून हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. आमच्या जुन्या वैद्यकानें रोग्याच्या परीक्षेचे तीन मार्ग सांगितले आहेत: दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न. पैकी दर्शन व प्रश्न हे दोन तारेवरून जाऊं शकतात. स्पर्शन जाऊं शकत नाहीं. बाईला शास्त्र ठाऊक नव्हतें, पण तीन पायांच्या तिवईचा एक पाय कोठें गेला, हें तिनें अचूक विचारलें होतें. या प्रश्नाचें उत्तर शोधावयाचें तर दूरवरून उपचार करण्याच्या या विद्येचा अर्थ काय व तिचा जन्म कोठें झाला, हें पाहिलें पाहिजे.

प्रथम शब्द पाहूं. ‘टेलिमेडिसिन’ या शब्दांतील पहिला भाग ग्रीक असून त्याचा अर्थ ‘दूर’ असा आहे; म्हणून त्यास दूरवैद्यक म्हणणें योग्य. ‘ई-हेल्थ’ हा दुसरा शब्द त्याहून बराच तरुण आहे. तो १९९९ च्या आधीं फारसा कोणी वापरीत नसे, आणि तो प्रथम रुळला तोही वैद्यांच्या नव्हे तर व्यापाऱ्यांच्या बोलण्यांत. ‘ई-कॉमर्स’च्या धर्तीवर पाडलेलें तें नाणें होतें. पुढें २००१ सालीं गुंथर आयझेनबाख यांनीं त्याची व्याख्या करतांना असें प्रतिपादन केलें, कीं हा शब्द केवळ यंत्राचा वाचक नसून एका विचारपद्धतीचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें २००५ सालीं ठराव करून तो राजमान्य केला. आमच्या भाषेंत हा भेद फार सोप्या रीतीनें सांगतां येतो. वैद्यक हें आजाऱ्याचें. आरोग्य हें सर्वांचें. डॉक्टरांनीं दुरून रोगी तपासणें हें दूरवैद्यक झालें; परंतु लशीची नोंद, रक्ताच्या तपासणीचा कागद, साथीची सूचना, आईनें बाळाविषयीं वाचलेली माहिती, हें सर्व जेव्हां त्याच जाळ्यांतून वाहूं लागतें तेव्हां त्यास ई-आरोग्य हें व्यापक नांव शोभतें.

आतां इतिहास. दूरवरून औषध मागविण्याची चाल यंत्रांच्या कितीतरी आधींची आहे. जुन्या मराठी मासिकांच्या शेवटच्या पानांवर वैद्यांच्या ज्या जाहिराती असत, त्यांत ‘रोगाची सविस्तर हकीकत लिहून कळवावी’ असें वाक्य असे, आणि औषध व्ही. पी.नें घरीं येई. पोस्टमन हाच त्या काळचा तारायंत्री धन्वंतरी होता. या प्रकाराचें सर्वांत हृदयस्पर्शी उदाहरण आमच्याच घरांतलें आहे. न्यू जर्सींतील रोझेल येथील मिसेस कार्पेंटर यांनीं दांताच्या डॉक्टरांकडे वाट पाहत बसल्या असतां एका मिशनरी मासिकांत गोपाळराव जोशी यांचें पत्र वाचलें, आणि त्यांतून आनंदीबाईंशीं त्यांचा जो पत्रव्यवहार सुरू झाला तो सर्वश्रुत आहे. आनंदीबाई बंगाल्यांत असतांना डोकेदुखी, ताप व अशक्तपणा यांनीं त्रासल्या, तेव्हां या बाईंनीं अमेरिकेहून त्यांस औषधें पाठविलीं. सात समुद्रांपलीकडून औषध आलें. माया तर त्याहूनही अधिक आली. पण गुण आला नाहीं. पुढें १८८६ सालीं आनंदीबाई स्वतः डॉक्टर झाल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारींत, वयाचीं बावीस वर्षेंही पुरीं होण्यापूर्वीं, निवर्तल्या. पत्रानें रोग्याची हकीकत कळते, पण रोग्याची आजची नाडी कळत नाहीं. पत्र पोहोंचेपर्यंत रोग पुढें निघून गेलेला असतो. ही उणीव भरून काढण्यास पत्राहून वेगवान असें कांहीं हवें होतें.

तें वेगवान साधन हिंदुस्थानांत ज्यानें आणलें तो मनुष्य धंद्यानें डॉक्टर होता, ही गोष्ट फारशी कोणास ठाऊक नसते. विल्यम ब्रुक ओशॉनेसी या आयरिश तरुणानें १८३१-३२ च्या पटकीच्या साथींत इंग्लंडांत रोग्यांचें रक्त तपासून असें दाखविलें, कीं पटकींत रक्तांतील पाणी व क्षार निघून जातात. ते परत भरले पाहिजेत. त्याच्या या विचारावरून थॉमस लाटा या डॉक्टरानें १८३२ सालीं स्कॉटलंडांत रोग्यांच्या शिरेंत मिठाचें पाणी सोडलें. हगवणीच्या मुलास आज आपण जें मीठसाखरेचें पाणी पाजतों त्याच्या वंशावळींत हा मूळ पुरुष होय. पुढें ओशॉनेसी कंपनी सरकारच्या नोकरींत कलकत्त्यास आला, वैद्यकीय महाविद्यालयांत रसायनशास्त्र शिकवूं लागला, १८३९ सालीं त्यानें तारेचे प्रयोग केले, आणि १८५०-५१ सालीं कलकत्ता ते डायमंड हार्बर ही पहिली तार त्याच्याच हातून उभी राहिली. १८५५ पासून ती सर्वांस खुली झाली. एकाच मनुष्याच्या एका हातीं पटकीवरील उपायाचें बीज होतें आणि दुसऱ्या हातीं सबंध देश जोडणारी तार होती. पण हे दोन हात एकमेकांस भेटले नाहींत. तारेवरून लष्कराचे हुकूम गेले, बाजारभाव गेले, मृत्यूच्या वार्ता गेल्या. मिठाच्या पाण्याचें ज्ञान खेड्यांत पोहोंचण्यास आणखी शंभराहून अधिक वर्षें लागलीं. जाळें विणलें गेलें म्हणजे त्यांतून आरोग्य आपोआप वाहूं लागतें, असें ज्यांस वाटतें त्यांनीं ही कथा ध्यानांत ठेवावी.

१८७६ सालीं टेलिफोन निघाला, आणि तीनच वर्षांनीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रांत अशी हकीकत आली, कीं रात्रीं एका घाबऱ्या झालेल्या आईच्या बाळाचा खोकला डॉक्टरांनीं टेलिफोनवरून ऐकला व तो भयंकर जातीचा नाहीं असा निर्वाळा दिला. शब्दांच्या जागीं येथें प्रथमच रोगाचा स्वतःचा आवाज तारेवरून गेला. त्यापुढचें पाऊल हॉलंडांतील लायडन येथें पडलें. व्हिलेम आइंटहोव्हेन यांनीं हृदयाच्या विद्युत्स्पंदनांची नोंद करणारें जें यंत्र तयार केलें तें इतकें अवजड होतें, कीं तें रुग्णालयांत नेणें अशक्य, आणि रोगी प्रयोगशाळेंत आणणें धोक्याचें. तेव्हां १९०५ सालीं त्यांनीं रुग्णालय व प्रयोगशाळा यांमधील सुमारें दीड किलोमीटरचें अंतर टेलिफोनच्या तारेनें जोडलें आणि हृदयाचे ठोके कागदावर उमटविले. दूरवैद्यकाची खरी जन्मपत्रिका येथून मांडावी, असें आम्हांस वाटतें. कारण वैद्यानें ज्या नाडीवर बोट ठेवावयाचें ती नाडीच या वेळीं तारेंत शिरली होती.

परंतु तार जेथें पोहोंचते तेथें बहुधा रस्ताही असतो, आणि रस्ता असेल तेथें डॉक्टरही केव्हांतरी येतो. खरी अडचण ज्यांना तार नाहीं व रस्ताही नाहीं त्यांची. ती ऑस्ट्रेलियांत जॉन फ्लिन या पाद्र्यानें सोडविली. १९२८ सालीं क्लॉन्करी येथून त्यांनीं विमानांतून फिरणाऱ्या डॉक्टरांची सेवा सुरू केली, आणि पुढच्याच वर्षीं आल्फ्रेड ट्रेगर यांनीं पायांनीं पायटे मारून वीज उत्पन्न करणारें बिनतारी यंत्र दिलें. शेंकडों मैलांच्या उजाड माळावरील बाई पायानें यंत्र चालवी व तोंडानें डॉक्टरांशीं बोले. पण औषधाचें काय? त्यासाठीं १९४२ पासून दूरच्या वस्त्यांवर औषधांच्या पेट्या ठेवण्यांत आल्या व प्रत्येक औषधास अंक दिला गेला. डॉक्टर बिनतारीवरून अमुक अंकाची गोळी द्या म्हणून सांगत, आणि घरची बाई ती देई. आमच्या मतें या सर्व इतिहासांतील अत्यंत शहाणपणाची कल्पना ही अंकांची पेटी होय. कारण सल्ला आधीं व औषध मागाहून, अशी येथें ताटातूट नव्हती. समुद्रावरील नाविकांना बिनतारीनें वैद्यकीय सल्ला देणारें एक केंद्र १९३५ सालीं रोम येथें निघालें तेंही याच जातीचें.

चित्राचा काळ त्यानंतर आला. अमेरिकेंत नेब्रास्का येथील मानसोपचाराच्या संस्थेनें १९५९ पासून दोन्हीकडून दिसणाऱ्या दूरचित्राचा प्रयोग केला व १९६४ सालीं एकशेंबारा मैलांवरील रुग्णालय त्यास जोडलें. १९६८ सालीं बोस्टनचा विमानतळ व तेथील मोठें रुग्णालय यांत असाच संबंध जोडला गेला. अवकाशांत पाठविलेल्या मनुष्याची प्रकृति पृथ्वीवरून पाहण्याची विद्या ‘नासा’नें कमावली होतीच, ती १९७० नंतरच्या दशकांत ॲरिझोनांतील पापागो या आदिवासींच्या वस्त्यांवर वापरून पाहण्यांत आली. आमच्याकडे ‘इस्रो’नें २००१ पासून उपग्रहाच्या द्वारें रुग्णालयें जोडण्यास आरंभ केला, त्याच्या आदल्याच वर्षीं आंध्रांतील अरगोंडा या खेड्यांतील रुग्णालय शहरांतील तज्ज्ञांशीं जोडलें गेलें होतें. महाराष्ट्रांत २००६ च्या सुमारास मुंबईचें के. ई. एम. रुग्णालय सिंधुदुर्ग, लातूर, नंदुरबार अशा दूरच्या जिल्हा रुग्णालयांशीं याच मार्गानें बांधलें गेलें. इकडे १५ ऑगस्ट १९९५ पासून इंटरनेट सर्वसाधारण लोकांस मिळूं लागलें होतें. केंद्र सरकारची ‘ई-संजीवनी’ २०१९ सालीं सुरू झाली. १३ एप्रिल २०२० पासून, महामारीच्या टाळेबंदींत, रोग्यास घरबसल्या तिचा लाभ घेतां येऊं लागला. आणि २०२३ च्या फेब्रुवारींत तिच्याद्वारें झालेल्या सल्लामसलतींचा आंकडा दहा कोटींच्या पलीकडे गेला. मूलच्या खेड्यांतील त्या कांचेंत दिसलेला चेहरा या लांबलचक साखळीची शेवटची कडी होय.

येथवर वाचकांस वाटेल, कीं ज्ञान नेहमीं शहराकडून रानाकडे वाहतें. पण या वनजिल्ह्यांचा इतिहास निराळी साक्ष देतो. १९७३ च्या डिसेंबरांत भामरागडजवळ हेमलकसा येथें लोक बिरादरी प्रकल्प सुरू झाला तेव्हां तेथें वीज नव्हती, रस्ता नव्हता, आणि पावसाळ्यांत पर्लकोटेस पूर आला म्हणजे बाहेरच्या जगाशीं संबंध तुटे. डॉ. प्रकाश व मंदाकिनी आमटे यांनीं कंदिलाच्या उजेडांत शस्त्रक्रिया केल्या. कोणी दूरचा तज्ज्ञ त्यांस उपलब्ध नव्हता. पुस्तक हाच त्यांचा तज्ज्ञ. गडचिरोलीस १९८६ सालीं डॉ. अभय व राणी बंग यांनीं ‘सर्च’ ही संस्था काढली. न्यूमोनियानें मुलें मरत, आणि डॉक्टर दूर होता. त्यांनीं खेड्यांतील निरक्षर सुइणींच्या हातीं वाळूचें घड्याळ व मणी असलेलें एक साधें उपकरण दिलें. श्वास मोजावयाचे, मणी सरकवावयाचे, आणि ठराविक संख्येच्या वर गेले तर औषध द्यावयाचें. पुढें १९९५ पासून गांवांतल्याच बायकांना ‘आरोग्यदूत’ म्हणून तयार करून नवजात बालकांची काळजी घरींच घेण्याचा प्रयोग झाला. त्याचें फळ १९९९ सालीं ‘लॅन्सेट’मध्यें प्रसिद्ध झालें: तुलनेसाठीं घेतलेल्या गांवांच्या मानानें नवजात अर्भकांचे मृत्यु ६२ टक्क्यांनीं घटले होते. एकशेंवीस वर्षांपूर्वीं ज्या पत्रांत टेलिफोनवरच्या खोकल्याची हकीकत आली, त्याच पत्रांत आतां गडचिरोलीच्या खेड्यांतील बाळांचा श्वास पोहोंचला. २०११ सालीं ही पद्धति ‘आशा’ कार्यकर्तींच्या हातून देशभर नेण्याचें सरकारनें ठरविलें. कोकणांत बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत काम करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांचीही कथा अशीच. विंचवाच्या विषानें माणसें डोळ्यांदेखत मरत असतां त्यांनीं रोग्यांच्या उशाशीं बसून लक्षणें टिपलीं, आणि प्राझोसिन या औषधाचा उपयोग १९८६ सालीं जगापुढें मांडला. रानाकडून ज्ञान शहराकडे गेलें. आणि जातांना साध्या टपालानें गेलें.

या सर्व गोष्टी एकत्र ठेवल्या म्हणजे एक सूत्र स्पष्ट दिसतें. चरकानें उपचाराचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक व रोगी. हें चौपायी जनावर तीन पायांवर चालत नाहीं. तारेनें वैद्य आणतां येतो. औषध व परिचारक मात्र रोग्याजवळच असावे लागतात. आनंदीबाईंकडे औषध आलें, पण रोगी पाहणारा वैद्य त्या औषधाबरोबर आला नाहीं. ओशॉनेसीच्या काळीं तारही होती व उपायही होता. खेड्यांत तो पाजणारा हात नव्हता. फ्लिनच्या माळावर तो हात होता, म्हणून तेथें बिनतारी सफल झाली. गडचिरोलींत तार नव्हती, पण शिकविलेला हात होता, आणि मुलें जगलीं. परिचारकाच्या अंगीं चरक चार गुण मागतो: उपचाराचें ज्ञान, दक्षता, रोग्याविषयीं अनुराग आणि शुचिता. यांतील ज्ञान तारेनें वाढवितां येईल. अनुराग तारेनें पाठवितां येत नाहीं.

कायद्यासही हें सूत्र ठेंच लागल्यावरच कळलें. २०१८ सालीं रत्नागिरीच्या एका प्रकरणांत, शस्त्रक्रियेनें प्रसूत झालेल्या स्त्रीस डॉक्टर समोर नसतांना दूरध्वनीवरून उपचार सांगण्यांत आले व ती दगावली. मुंबई उच्च न्यायालयानें त्यांत कठोर भूमिका घेऊन अटकपूर्व जामीन नाकारला. त्यावर, फोनवर एक शब्दही बोलावा कीं नाहीं, अशी भीति अनेक डॉक्टरांस पडली. २५ मार्च २०२० रोजीं दूरवैद्यकाचे नियम प्रसिद्ध झाले, तेव्हां ती भीति निवळली. या नियमांत रोगी व डॉक्टर यांच्या जोडीस आरोग्यसेवक मध्यें असलेल्या संवादाचा स्वतंत्र विचार केला आहे; कांहीं औषधें दुरून लिहून देण्यास बंदी आहे; आणि प्रत्यक्ष तपासणी आवश्यक वाटल्यास डॉक्टरांनीं तसें स्पष्ट सांगावें, असें बंधन आहे. जवळ बोलाविण्याची वेळ कोणती हें ओळखणें हा दूरवैद्यकाचाच एक भाग आहे, असें जणुं कायद्यानें मान्य केलें.

आमचें भय एवढेंच, कीं कांच स्वस्त आहे व माणूस महाग आहे. खेड्यांत संगणक बसविला म्हणजे डॉक्टरांची नेमणूक लांबणीवर टाकण्यास एक नवें निमित्त मिळतें. आणि त्या संगणकापुढें उभ्या राहणाऱ्या मुलीच्या पगाराचा, शिक्षणाचा व सुरक्षिततेचा विचार मागें पडतो. ती नसती तर ‘रोवना’ म्हणजे काय तें डॉक्टरांस समजलें नसतें, घोट्यावरची खळी कोणास दिसली नसती, आणि संबंध तुटल्यावर बाईला मूलपर्यंत पोहोंचविण्यास वाहन कोणी बोलाविलें नसतें. भामरागडच्या बाजूस तर झाडीबोलीच्याही पलीकडे माडिया भाषा आहे. तेथें केवळ कांच ठेवून भागणार नाहीं.

राहिला त्या वृद्ध बाईचा प्रश्न. हात न लावतां रोग समजला कसा? आजीबाई, हात लागला होता. तो डॉक्टरांचा नव्हता, इतकेंच. तुमच्या घोट्यावर जो आंगठा दाबला गेला त्याच्या स्पर्शावरच त्या दूरच्या डॉक्टरांनीं निर्णय दिला. तीन पायांच्या तिवईचा तिसरा पाय त्या दोन खोल्यांच्या इमारतींत, जमिनीवर उकिडवा बसलेला होता. संध्याकाळीं आम्ही परतलों तेव्हां त्या इमारतीचें दार उघडें होतें, दिवा लागला होता, आणि ती मुलगी दुसऱ्या कोणाची तरी नाडी हातांत धरून घड्याळाकडे पाहत होती.